ऑडिओ सर्किटमधील घरघर: पॉवर सप्लायमधून येणाऱ्या नकोशा वारंवारता क्रमाने कशा गाळाव्यात

माइकच्या प्रीअँप्लिफायरमध्ये (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटमध्ये) घरघर ऐकू आली की बहुतेक जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जातात, १००० मायक्रोफॅरडच्या जागी ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणतात, आणि घरघर तशीच राहिली की पुढच्या शनिवारी १०,००० मायक्रोफॅरडचा आणतात. चूक कपॅसिटरची नसते, क्रमाची असते. घरघर कोणत्या वारंवारतेची आहे आणि ती कोणत्या वाटेने सिग्नलमध्ये शिरते, हे ठरवण्याआधीच गाळणी बसवली जाते.

पुढील सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. भजनी मंडळाच्या माइकसाठीचा एक प्रीअँप्लिफायर आहे. त्याला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्ट लागतात आणि तो प्रत्येक बाजूने सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. आकडे आपल्या सर्किटप्रमाणे बदलावेत, क्रम मात्र बदलू नये.

पूर्वतयारी

मल्टिमीटर, जाड व बारीक अशा दोन्ही वायरी, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, १ किलोओहम १ वॅटचा एक रेझिस्टर आणि शक्य असल्यास ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा बदलता आलेख दाखवणारे यंत्र) जवळ ठेवावा. लॅमिंग्टन रोडवर सर्रास मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर एसीची बहुधा २०० आणि ७५० व्होल्ट अशी दोनच मापे असतात, त्यामुळे मिलिव्होल्टमधला रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेला चढउतार, त्यावर दिसत नाही. आणि शून्य दिसले म्हणजे रिपल नाही, असा समज करून घेणे ही पहिली चूक ठरते.

ऑसिलोस्कोप नसेल तर संगणकाला जोडायचे साधे यूएसबी साउंड कार्ड चालते. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत घ्यावा, त्यापुढे १० किलोओहम आणि १ किलोओहम यांचा विभाजक करावा आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरवर दोन १एन४१४८ डायोड उलटसुलट दिशांनी समांतर जोडावेत, म्हणजे जोडणीच्या क्षणी येणारा झटका कार्डापर्यंत पोहोचणार नाही. मोजणी करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. चार्जर लावलेला असेल तर आपण आपल्या सर्किटची नव्हे, चार्जरची घरघर मोजत बसतो.

सावधान: प्रत्येक बदलापूर्वी प्लग सॉकेटमधून काढावा आणि मोठे कपॅसिटर वरील १ किलोओहमच्या रेझिस्टरने पाच-दहा सेकंद डिस्चार्ज करावेत. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून कपॅसिटर रिकामा करण्याची सवय सोडावी. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून ती स्विचिंग सप्लायच्या (मोबाइल चार्जरसारख्या, उच्च वारंवारतेने वीज जोडत-तोडत चालणाऱ्या सप्लायच्या) मेन्सकडील, म्हणजे घरगुती विजेकडील, बाजूला कधीही लावू नये, आणि ती लावता यावी म्हणून ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढूनही टाकू नये.

टप्पा १: घरघर ५० हर्ट्झची की १०० हर्ट्झची?

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. पूर्णतरंग रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी डायोडची जोडणी) प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतो, त्यामुळे पॉवर सप्लायमधला रिपल १०० हर्ट्झचा असतो आणि त्यासोबत २००, ३०० हर्ट्झ असे त्याचे पटीतले घटक येतात. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून, ग्राउंड लूपमधून (ग्राउंडच्या वायरींनी बनलेल्या बंद वेटोळ्यातून) किंवा आवरण नसलेल्या इनपुट वायरमधून शिरणारी घरघर प्रामुख्याने ५० हर्ट्झची असते. ज्यांचा कान पेटीवर तयार झाला आहे त्यांना हे लवकर उमजेल: १०० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचपेक्षा किंचित चढा स्वर, आणि ५० हर्ट्झ त्याच्याही एक सप्तक खाली. मात्र छोट्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून स्पीकरसमोर मोबाइल धरून स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती प्रमाणात आहे याचा आलेख) पाहण्यापेक्षा आउटपुट थेट साउंड कार्डात घेऊन पाहावे.

आता दोन चाचण्या कराव्यात. पहिलीत प्रीअँप्लिफायरचा इनपुट त्याच्या सॉकेटवरच शॉर्ट करावा. घरघर थांबली तर ती माइकच्या वायरमधून येते आहे आणि पॉवर सप्लायला हात लावण्याचे कारण नाही. दुसरीत पॉवर सप्लाय पूर्णपणे सोडवून सर्किट नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालवावे. घरघर गेली तर दोष सप्लायकडे आहे, राहिली तर जगातला कोणताही कपॅसिटर तिला थांबवणार नाही. दुसऱ्या चाचणीच्या वेळी खोलीतला सलग फिरणाऱ्या बटणाचा पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर बंद ठेवावेत, कारण त्यांतला ट्रायक हा इलेक्ट्रॉनिक स्विच प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वीज कापतो आणि त्याची खरखर १०० हर्ट्झच्या पटींत येते. ती हुबेहूब खराब रेक्टिफायरसारखी वाटते.

तपासणी: इनपुट शॉर्ट असताना, बॅटरीवर सर्किट शांत आणि सप्लायवर घरघरते, अशी खात्री झाली तरच पुढे जावे.

टप्पा २: गाळणीआधी ग्राउंडची वाट

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा, कारण लोक हाच टप्पा वगळतात.

रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर सतत भरला जात नाही. ट्रान्सफॉर्मरचा व्होल्टेज शिखराजवळ येतो तेवढ्या एक-दोन मिलिसेकंदांतच तो भरून घेतो आणि उरलेला वेळ सर्किटला देत राहतो. आपल्या ३० मिलिअँपिअरच्या सर्किटला दर १० मिलिसेकंदांत जेवढा विद्युतभार लागतो, तेवढा सगळा या अल्पकाळात यावा लागतो. म्हणून प्रत्यक्षात ०.३ अँपिअरच्या आसपासचे ठोके पडतात. ज्या वायरमधून हे ठोके जातात तिचा आणि तिच्या सोल्डर जोडाचा मिळून रोध केवळ ०.०१ ओहम धरला तरी तिच्या दोन टोकांमध्ये ३ मिलिव्होल्टचे १०० हर्ट्झचे ठोके तयार होतात. डायनॅमिक माइकचा सिग्नल एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. म्हणजे चुकीच्या ठिकाणाहून ग्राउंड घेतले तर गायकाच्या आवाजापेक्षा घरघर मोठी होऊ शकते, आणि तीही रेग्युलेटरच्या आउटपुटवर रिपल जवळजवळ शून्य असताना. मोठा कपॅसिटर बसवल्यावर हे ठोके बहुधा अधिक अरुंद व अधिक उंच होतात, त्यामुळे या दोषात कपॅसिटर वाढवला की घरघर कमी होण्याऐवजी वाढते. गिरगावातल्या एका मंडळाच्या प्रीअँप्लिफायरमध्ये मी स्वतः तीनदा कपॅसिटर बदलले होते. अखेर ग्राउंडची एक वायर चार सेंटीमीटर पलीकडे सोल्डर केल्यावर आवाज स्वच्छ झाला. त्या दिवसापासून कपॅसिटर मी सर्वांत शेवटी बदलतो.

जोडणी पुढील क्रमाने करावी.

१. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि दोन मुख्य कपॅसिटर एकमेकांच्या अगदी जवळ बसवावेत. दोन कपॅसिटरांची ग्राउंडकडील टोके एका आखूड, जाड वायरने जोडावीत आणि ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप त्या वायरच्या मध्यावर आणावा.

२. त्या मध्यबिंदूपासून एकच स्वतंत्र वायर काढून मुख्य ग्राउंडबिंदूपर्यंत न्यावी. हा बिंदू कपॅसिटरांच्या जोडवायरवर असू नये, तिच्यापासून वेगळा असावा.

३. रेग्युलेटरचे ग्राउंड, सिग्नलचे ग्राउंड, आउटपुट सॉकेटचे ग्राउंड आणि डब्याचा पत्रा यांच्या वायरी या मुख्य बिंदूवर स्वतंत्रपणे आणाव्यात. एकाचे ग्राउंड दुसऱ्यावरून पुढे नेऊ नये.

४. ट्रान्सफॉर्मर इनपुट सॉकेटपासून शक्य तितका दूर ठेवावा आणि पक्का करण्याआधी तो फिरवून पाहावा; ५० हर्ट्झची घरघर एका विशिष्ट कोनात लक्षणीयरीत्या कमी होते.

तपासणी: ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप मुख्य बिंदूवर ठेवून टोक इनपुट सॉकेटच्या ग्राउंडवर लावावे. दोन्ही ‘ग्राउंड’ असूनही मिलिव्होल्टमध्ये १०० हर्ट्झचे ठोके दिसत असतील तर जोडणी अजून चुकलेली आहे.

टप्पा ३: ट्रान्सफॉर्मर आणि पहिला कपॅसिटर

पूर्णतरंग रेक्टिफायरनंतरचा रिपल ढोबळमानाने असा निघतो: प्रवाह भागिले १०० आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार, सर्व राशी अँपिअर व फॅरडमध्ये. ३० मिलिअँपिअर आणि १००० मायक्रोफॅरड घेतल्यास वरपासून खालपर्यंतचा रिपल ०.३ व्होल्ट येतो. अर्धा अँपिअर घेणाऱ्या सर्किटमध्ये ४७०० मायक्रोफॅरड घातले तरी तो १ व्होल्टच्या वर जातो, म्हणून आकडा मांडल्याशिवाय कपॅसिटर विकत घेऊ नये.

१२ व्होल्टच्या रेग्युलेटरसाठी १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर घेणे ही नेहमीची चूक आहे. १२ चे शिखर १७ व्होल्ट असते, डायोडपायी एक व्होल्टच्या आत जातो, आणि मेन्स १० टक्क्यांनी खाली आली की कपॅसिटरवर १४ व्होल्टच्या आसपासच उरतात. ७८१२ या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त लागतात. रिपलचा तळ त्या रेषेखाली गेला की त्या क्षणापुरता रेग्युलेटर नियमन सोडतो आणि रिपल जसाच्या तसा पलीकडे जातो. सायंकाळी सगळ्या चाळीत दिवे-पंखे लागल्यावरच घरघर सुरू होते, असे कोणी सांगितले की आधी हाच तळ मोजावा. १५-०-१५ घेतल्यास कमी मेन्सवरही सुमारे १८ व्होल्ट मिळतात.

कपॅसिटरचा व्होल्टेज मात्र उलट्या टोकाने ठरवावा: मेन्स १० टक्के जास्त आणि लोड नाही, अशा वेळी छोट्या १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरनंतर २६-२७ व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. २५ व्होल्टचा कपॅसिटर इथे चालणार नाही, ३५ व्होल्टचा घ्यावा. विकत घेतल्यावर प्रत्येक नग कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर मोजावा. २० टक्के कमी भरणे नियमात बसते, त्याहून कमी भरला तर परत करावा. हीटसिंकला खेटून कपॅसिटर बसवू नये, कारण तापमान दर १० अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते.

टप्पा ४: रेझिस्टर-कपॅसिटर गाळणी, आणि कॉइलचा मोह

पहिल्या कपॅसिटरनंतर १०० ओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर लावला तर १०० हर्ट्झचा रिपल सुमारे ६३ पटींनी घटतो; ०.३ व्होल्टचे ५ मिलिव्होल्ट होतात. ३० मिलिअँपिअरवर या रेझिस्टरवर ३ व्होल्ट खर्च होतात, ते वरच्या हिशेबात धरलेच पाहिजेत. त्याऐवजी ४७ ओहम व ४७० मायक्रोफॅरडचे दोन टप्पे एकापुढे एक लावले, तर एकूण रोध आणि एकूण कपॅसिटन्स जवळपास तेवढेच राहूनही रिपल सुमारे १९० पटींनी घटतो. एक मोठा कपॅसिटर घेण्यापेक्षा दोन मध्यम कपॅसिटर घेण्याचे कारण हेच.

कॉइल वापरून हीच गाळणी ‘अधिक चांगली’ करायला जाणारे अनेकदा फसतात. १० मिलिहेन्रीची कॉइल आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची स्वाभाविक वारंवारता सुमारे ७३ हर्ट्झ येते. ती १०० हर्ट्झच्या इतकी जवळ आहे की हलक्या लोडवर रिपल घटत तर नाहीच, उलट थोडा वाढू शकतो. १०० हर्ट्झसाठी कॉइल वापरायची तर ही वारंवारता १० हर्ट्झच्या आसपास आणावी लागते, आणि तेवढी कॉइल आकाराने ट्रान्सफॉर्मरएवढी होते. फेराइट मणी तर मेगाहर्ट्झसाठी असतात. १०० हर्ट्झच्या दृष्टीने तो मणी म्हणजे साधी वायर.

टप्पा ५: रेग्युलेटर

७८१२ हा १०० हर्ट्झच्या आसपासचा रिपल साधारण ६० डेसिबलने, म्हणजे हजार पटींनी दाबतो. टप्पा ४ नंतरचे ५ मिलिव्होल्ट ५ मायक्रोव्होल्टवर येतात, म्हणजे रेग्युलेटरच्या स्वतःच्या नॉइझहून कमी. त्यापुढे आणखी गाळण्यात अर्थ नाही. एलएम३१७ हा व्होल्टेज बदलता येणारा रेग्युलेटर घेतल्यास त्याच्या अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. दमन सुमारे ६५ डेसिबलवरून ८० पर्यंत जाते. मात्र हा कपॅसिटर लावल्यावर सप्लाय बंद होताना तो आयसीमधून उलटा रिकामा होऊ नये म्हणून संरक्षक डायोडही लावणे आवश्यक आहे.

सावधान: ७८१२ च्या पिना इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा क्रमाने असतात, उणे १२ व्होल्टच्या ७९१२ च्या ग्राउंड, इनपुट, आउटपुट अशा. ७८१२ चा धातूचा पत्रा ग्राउंडला, तर ७९१२ चा पत्रा इनपुटला जोडलेला असतो. अभ्रकाचा तुकडा न ठेवता दोन्ही एकाच हीटसिंकवर कसले की थेट शॉर्ट होतो. ७९१२ ला इनपुटवर २.२ मायक्रोफॅरड आणि आउटपुटवर १ मायक्रोफॅरडचा टँटॅलम किंवा २५ मायक्रोफॅरडचा अ‍ॅल्युमिनियम कपॅसिटर अगदी पिनांजवळ लागतो. नाहीतर तो स्वतःच दोलन करू लागतो.

रेग्युलेटरच्या आउटपुटवर ४७०० मायक्रोफॅरड बसवून १०० हर्ट्झला काही फरक पडत नाही. सप्लाय बंद करताना मात्र तो साठा रेग्युलेटरमधून उलटा वाहतो.

तपासणी: पूर्ण लोड असताना रेग्युलेटरच्या इनपुटवरील रिपलचा तळ १४.५ व्होल्टच्या वर आहे ना, हे ऑसिलोस्कोपवर पाहावे. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, तळ दाखवत नाही.

टप्पा ६: सर्किटमधल्या उघड्या वाटा

ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा आयसी) सप्लायमधला १०० हर्ट्झचा रिपल स्वतःच बराच दाबतो, त्यामुळे त्याच्या सप्लाय पिनांची फारशी काळजी नसते. खरी उघडी दारे दोन आहेत. पहिले, एकाच सप्लायवर चालणाऱ्या सर्किटमधला अर्ध्या व्होल्टेजचा विभाजक. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी सप्लायचा मध्य काढून तो सरळ ऑप-अँपच्या इनपुटला दिला, तर सप्लायमधला निम्मा रिपल सिग्नल म्हणूनच आत जातो आणि पुढे त्याचे वर्धनही होते. या मध्यबिंदूपासून ग्राउंडपर्यंत ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि मध्यबिंदूवरून इनपुटला स्वतंत्र मोठ्या रेझिस्टरमधून बायस (स्थिर डीसी व्होल्टेज) द्यावा. कपॅसिटर थेट इनपुटवर लावला तर रिपलसोबत गाणेही ग्राउंडला जाते!

दुसरे दार इलेक्ट्रेट माइकचे. त्याला २.२ किलोओहममधून सप्लाय देतात, आणि सप्लायवर जे काही असेल ते त्या रेझिस्टरमधून थेट सिग्नलच्या वायरवर उतरते. त्याआधी १ किलोओहम व १०० मायक्रोफॅरडची स्वतंत्र गाळणी घातली की १०० हर्ट्झ तिथेच ६३ पटींनी घटतो.

ऑप-अँपजवळ लावायचे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर अवश्य लावावेत, पण ते उच्च वारंवारतेच्या स्थैर्यासाठी असतात. १०० हर्ट्झला त्यांचा अवरोध सुमारे १६ किलोओहम असतो.

टप्पा ७: ट्रान्सफॉर्मरऐवजी अ‍ॅडाप्टर असेल तर

स्विचिंग अ‍ॅडाप्टरची मुख्य गडबड वीस हजार हर्ट्झच्या बरीच वर असते आणि ती कानाला ऐकू येत नाही, पण ती पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरून विकृती निर्माण करते. दोन अ‍ॅडाप्टर एकाच सर्किटला असले तर त्यांच्या वारंवारतांमधला फरक शिट्टीसारखा ऐकू येतो. इथे छोटी कॉइल उपयोगी पडते. १० मायक्रोहेन्री आणि १०० मायक्रोफॅरड यांच्या गाळणीने १०० किलोहर्ट्झला कागदावर ४०० पटींची घट मिळते, परंतु साध्या इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध ०.३ ओहम असेल तर प्रत्यक्षात जेमतेम २० पट मिळते. म्हणून कमी अंतर्गत रोधाचा कपॅसिटर घ्यावा आणि त्याला १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक समांतर जोडावा.

दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरने डब्याला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि ५० हर्ट्झची घरघर ऐकू येते, याचे कारण आत मेन्स व आउटपुट यांच्यामध्ये असलेला छोटा सुरक्षा कपॅसिटर. आउटपुटवर कितीही गाळणी लावली तरी ही घरघर जात नाही; सर्किटचे मुख्य ग्राउंड एकाच जागी खऱ्या अर्थिंगला जोडल्यावर ती जाते.

टप्पा ८: मेन्सची बाजू

मेन्सवरचा फिल्टर घरी सुट्या भागांतून बनवू नये; सॉकेटमध्येच बसवलेला तयार फिल्टर घ्यावा. मेन्सच्या दोन वायरींमध्ये लावायचा कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, एक्स२ वर्गाचाच लागतो, ४०० व्होल्ट डीसीचा साधा कपॅसिटर तिथे आग लावू शकतो. शिवाय हा फिल्टर शेकडो किलोहर्ट्झसाठी असतो, १०० हर्ट्झला तो काहीच करत नाही.

सावधान: जुन्या चाळींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते. अशा सॉकेटवर तयार फिल्टर लावला तर त्यातल्या कपॅसिटरांमुळे डब्याच्या पत्र्यावर मेन्सच्या जवळपास निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह थोडा असला तरी ओठ माइकला लागताच तो जाणवतो. फिल्टर बसवण्याआधी अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

टप्पा ९: बंद करण्यापूर्वीची मोजणी

बोर्डावरचा फ्लक्स (सोल्डरसोबतचा राळेसारखा पदार्थ) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढावा. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत उरलेला फ्लक्स उच्च रोधाच्या इनपुटभोवती गळतीची वाट करून देतो आणि उन्हाळ्यात शांत असलेला प्रीअँप्लिफायर जुलैमध्ये कुरकुरू लागतो. इनपुट शॉर्ट करून, वर्धन पूर्ण ठेवून आउटपुटचा स्पेक्ट्रम घ्यावा आणि ५०, १०० व २०० हर्ट्झचे आकडे बॅटरीवर घेतलेल्या आकड्यांशेजारी लिहावेत. १०० जास्त असेल तर आधी टप्पा २ पुन्हा पाहावा, मग टप्पा ६, आणि त्यानंतरच टप्पा ३. फक्त ५० जास्त असेल तर ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहावा. मोजलेले आकडे आणि तारीख डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी, म्हणजे दोन वर्षांनी घरघर परतल्यावर कपॅसिटर सुकला की कोणी ग्राउंडची वायर हलवली, हे झाकण उघडताच ताडून पाहता येईल.